गणित सोडलं का ठेवलं? लेकरांचं डॉक्टर व्हायला निघालेल्यांचे अनुभव

लेक दहावी झाली. गेल्या पावसाळ्यात भाच्याला न्यूमोनिया झाला तेव्हा कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलात चार दिवस मावशीच्या सोबतीला होती, तेव्हापासून एकच हेका: लहान मुलांची डॉक्टर होणार. आता अकरावीचे विषय ठरवायचेत. ती म्हणते गणित सोडून आयटी घेते. भाऊजी म्हणतात गणित ठेव, इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. घरात रोज कुस्ती. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. उपदेश घरात पुष्कळ आहे, स्वतःवर काय बेतलं तेवढंच सांगा.

गडहिंग्लजकर डॉक्टर
ताई, मी गणित सोडलं होतं. पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आणि आज दिवसभर करतो काय, तर हिशेब! तापाचं बाळ आलं की आधी वजनकाटा. पॅरासिटामॉल एका वेळेला किलोमागं १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या बाळाला १२०. मग बाटली बघायची. ५ मिलीत १२५ लिहिलंय का २५०? औषध तेच, बाटली बदलली की डोस दुप्पट. आया सांगतात, "मागच्यागतच एक टोपण दिलं." म्हणून मी बाटली घेऊनच या म्हणतो.

पण हे झालं पाचवीचं त्रैराशिक. त्यासाठी अकरावीचं गणित लागत नाही. मला ते अडलं फिजिक्सला. सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर डिफरन्सिएशन काढलं आणि "हे तुम्हाला गणितात झालंच असेल" म्हणून पुढं गेले. माझ्या वेळी मेडिकलच्या प्रवेशाला 'नीट' ही देशभराची परीक्षा नव्हती, राज्याची सीईटी होती. पहिल्या खेपेला फिजिक्सनंच पाडलं. मग शेजारच्या रिटायर्ड गुरुजींकडं दोन महिने संध्याकाळी बसलो: लॉग, त्रिकोणमिती, डिफरन्सिएशन. पेपर द्यायचा नव्हता, त्यामुळं भीती नव्हती. दुसऱ्या खेपेला लागलो. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, मग डीसीएच, म्हणजे लेकरांच्या आजारांचा डिप्लोमा, दोन. एमडी केलं असतं तर तीन.

शाहू मेडिकलचा, दुसरं वर्ष
मी उलटं केलं, गणित आणि बायो दोन्ही ठेवलं. राधानगरीकडचा आहे, दसरा चौकात बोर्डिंगात राहायचो. दिवाळीनंतर गणिताची वही उघडलीच नाही. नीट ७२० मार्कांची, त्यात बायो ३६०, फिजिक्स आणि केमिस्ट्री १८०-१८०. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. बायो सगळ्यांचंच चांगलं असतं हो, माणसं मागं-पुढं होतात ती फिजिक्सवर. पात्रतेला बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोचेच मार्क धरतात, ओपनला ५० टक्के, राखीवला ४०. गणित कुणी विचारत नाही. पण गणितात नापास झालो असतो तर बारावीच नापास! काठावर सुटलो. निकालाच्या दिवशी आईला आधी गणिताचा आकडा सांगितला.

कागलमधला एक बाप
आमच्या पोरीला क्लासवाल्यांनी सांगितलं, कॉलेजची काळजी करू नका, तिकडं फक्त नाव राहील. दोन वर्षांची फी एकदम भरली. बारावीच्या प्रॅक्टिकलला पोरगी गेली तर मायक्रोस्कोपला डोळा कुठला लावायचा तेच माहीत नाही. घरी येऊन रडली. विषय कुठलेबी घ्या ताई, पण प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं का ते बघून कॉलेज घ्या.

इंजिनिअरिंग सोडून आलेली
मी बायो सोडलं होतं. पूर्वी अशांना वाटच नव्हती. २०२३ मध्ये नियम बदलला, बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून दिलं तरी नीटला चालतं. दिलं. नीटचे मार्क बेताचे आले, यंदा परत बसतेय. दोन वर्षं गेली, एवढं मात्र खरं.

पिडियाट्रिक्सची रेसिडेंट
वहिनी, लेकीला सांगा, लहान मुलांची डॉक्टर हे आत्ता ठरत नाही. तो विषय एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला येतो, आणि ब्रँच मिळते नीट-पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या, रँकवर. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी "लेकरांची डॉक्टर" म्हणणाऱ्या बऱ्याच जणी होत्या, त्यातली एक आता रेडिओलॉजीत आहे आणि मजेत आहे. मला ऑर्थो, म्हणजे हाडांचं, हवं होतं. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष पन्हाळ्याकडं आरोग्य केंद्रात काढलं. लसीकरणाच्या दिवशी सहा, दहा, चौदा आठवड्यांची बाळं रांगेत. एक आजी दर वेळी बाळाचं कार्ड पदरात बांधून आणायची आणि मलाच तारीख विचारून खात्री करायची. तिथं मन फिरलं.

आता रात्री तीनला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, दीड किलोच्या बाळाच्या मनगटावर शीर शोधते. ती सापडेपर्यंत मी श्वास घेत नाही म्हणतात सिस्टर. बाळ काही सांगत नाही, सांगतात ती घरची माणसं, आणि चार जण चार गोष्टी सांगतात. लेकीला लोकांचं ऐकून घ्यायची सवय आहे का बघा.

धागा काढणारी
सगळं लेकीला वाचून दाखवलं. वजनकाट्याचं ऐकून तिनं फ्रीजमधली तापाची बाटली काढली. २५० निघाली, आणि आम्ही भाच्याला टोपणानंच देत होतो. गणित सोडतेय, आयटी घेतेय. गडहिंग्लजच्या दादा, तुमच्या गुरुजींसारखं कोण शिकवणारं राजारामपुरीत आहे का? भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.