रेडिएशन संपल्यावर शरीरात काय होतं? तुमचे अनुभव लिहा

कोथरूड, स्तन

माझ्या डाव्या स्तनाचं रेडिएशन गेल्या एप्रिलमध्ये संपलं. घरच्यांनी पेढे वाटले, आणि कातडी खरी सोलवटली ती त्याच्या पुढच्या आठवड्यात. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत, जिथे घाम साचतो तिथेच. ऐन उन्हाळा, अंगात सैल सुती गाऊन, आणि पंख्याखाली हात डोक्यावर घेऊन पडून राहायचं. साबण, डिओ, पावडर बंद. हळदीचा लेप लाव म्हणून नातेवाइकांनी आग्रह केला, डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. महिन्याभरात कातडी भरली, काळपटपणा अजून आहे. थकवा सगळ्यात चिवट; पोळ्या लाटता लाटता खुर्ची ओढून बसावं लागायचं.

मशीनवर काही दुखत नाही. श्वास भरून रोखायचा, म्हणजे हृदय किरणांपासून थोडं लांब राहतं, एवढंच माझ्याकडे काम. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, मशीन थांबलं की दुखणं संपलं. म्हणून विचारते: कुठल्या भागाला रेडिएशन झालं, काय त्रास झाला, कधी सुरू झाला, किती टिकला? औषधांचे डोस लिहू नका, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचे.

हडपसर, मिस्टरांचा गालाचा कर्करोग

आधी ऑपरेशन, मग सोमवार ते शुक्रवार रेडिएशन. सुरू करण्याआधीच किडलेल्या दाढा काढायला लावल्या, कारण किरणं घेतलेल्या जबड्यावर नंतर दाढ काढली तर हाड भरून यायला फार त्रास होतो. तोंडावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा, तो टेबलाला पक्का अडकवायचा. मान जराही हलता कामा नये.

पहिले दोन आठवडे हे घरी येऊन आमटी-भात जेवत होते. तिसऱ्यात चव गेली. "माती खाल्ल्यासारखं लागतं," म्हणायचे. मग तोंड आलं, गालाच्या आत पांढरे पापुद्रे धरले. पुढे पुढे भाताची पेजसुद्धा गाळून, पार निववून द्यायला लागली. नाकातून नळी घालू म्हणाले तेव्हा सासूबाई रडल्या. पण नळीमुळेच वजन टिकलं आणि सिटिंग चुकल्या नाहीत. कोणाला नळी सुचवली तर घाबरू नका.

शेवटच्या सिटिंगनंतरचा पंधरवडा आम्हाला सगळ्यात जड गेला. चव पुढच्या काही महिन्यांत हळूहळू आली, लाळ मात्र पूर्वीसारखी नाही. भाकरी आमटीत कुस्करूनच खातात, पाण्याची बाटली सतत जवळ. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायला शिकवलं. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. आठवडाभर कंटाळा केला की जुनी थप्पीसुद्धा दातांत शिरत नाही.

रेडिएशन विभागातला तंत्रज्ञ, पुणे

कोथरूडच्या ताईंचा प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, पण पेशी लगेच मरत नाही. बहुतेक पेशी पुढे विभागायला जातात तेव्हा मरतात. कातडीचा आणि तोंडाच्या आतला वरचा थर रोज झिजत असतो. खालून त्याची भरपाई करणाऱ्या पेशींनाच मार बसला, की दोन-तीन आठवड्यांनी त्वचा उघडी पडते, आणि उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढत जातो. मग बहुतेकांचं भरून येतं. निरोगी पेशी तुटलेला डीएनए कर्करोगाच्या पेशींपेक्षा चांगला जोडतात, म्हणून डोस वाटून देतात. डोक्या-मानेला एकूण 60 ते 70 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), बऱ्याचदा एका वेळी 2 ग्रे. स्तनाला हल्ली 15-16 सिटिंगमध्येही भागतं. केस फक्त जिथे किरणं जातात तिथलेच गळतात.

बारामती, उपचारांपुरती कात्रजला भावाकडे, गर्भाशयाचं मुख

उपचार महात्मा फुले योजनेत बसले. मला त्रास झाला तो जुलाबांचा आणि लघवीच्या जळजळीचा. रोज लघवी भरलेली ठेवून टेबलावर झोपायचं, म्हणजे आतडी वर सरकतात. पाणी पिऊन बसावं आणि नेमका नंबर लांबावा, ते फार अवघड जायचं. ताक-भात, शिजवलेलं सफरचंद एवढंच पचे. पाळी कायमची बंद झाली, चाळिशी उलटायच्या आत.

आणखी एक लिहिते, कारण बायका ते विचारत नाहीत. पुढे योनीमार्ग आकसतो, कोरडा पडतो. तो मोकळा राहावा म्हणून एक नळकांडं वापरायला देतात. संबंधांसाठी तर आहेच, पण डॉक्टरांना पुढची तपासणी नीट करता यावी म्हणूनही. मला ते नर्सताईंनी दार लावून शांतपणे समजावलं. तुमच्याकडे कोणी आपणहून सांगितलं नाही तर विचारा.

आणि वहिनीच्या शेजारणीने तिचं बाळ माझ्याजवळ येऊ दिलं नाही, ते मनाला फार लागलं. तंत्रज्ञदादा, एकदा लिहा हो.

तंत्रज्ञ

लिहितो. बाहेरून मशीनने दिलेल्या किरणांमधलं अंगात काही उरत नाही. आतून दिलेल्या उपचारात किरणोत्सारी स्रोत नळीतून आत जातो आणि ठरल्या वेळी परत मशीनमध्ये येतो. त्यानंतर तुमच्याजवळ बाळ खुशाल झोपू दे. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटातून देतात किंवा काहींच्या अंगात स्रोत कायमचा ठेवतात, तिथे मात्र काही काळ अंतर पाळायला सांगतात.

सदाशिव पेठ, प्रोस्टेट

वय 74. उपचारांच्या काळात रात्री चार-चारदा उठावं लागे, ते दोन महिन्यांत थांबलं. दीड वर्षाने शौचातून रक्त गेलं. मी मूळव्याध समजून बसलो होतो. दुर्बीण घालून पाहिल्यावर कळलं, किरणांनी गुदाशयाच्या आतल्या रक्तवाहिन्या नाजूक झाल्या होत्या. उपचार झाले, बरा आहे. रक्त दिसलं तर घरी अंदाज बांधू नका, आणि आधी रेडिएशन झालं आहे हे नव्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

चिंचवड, स्वरयंत्र, 6 वर्षांपूर्वी

हडपसरच्या ताईंसाठी. मला चार वर्षांनी वजन वाढणं, अंगावर सूज, सारखी झोप असं सुरू झालं. सगळे म्हणाले वय झालं. रक्त तपासलं तर थायरॉइड मंदावलेली. मानेला किरणं दिली की ती हळूहळू थकू शकते. आता रोज सकाळी अनशापोटी एक गोळी. मिस्टरांच्या मानेलाही किरणं दिली असतील, तर सहा महिने ते वर्षाने टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घेत जा, त्रास असो वा नसो.