छातीत दुखलं की थेट नागपूर?

पांदणकर: काल गावच्या ग्रुपवर फिरलेली पोस्ट: "अटॅक आला तर जोरजोरात खोका, जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवा, तालुक्यात न थांबता थेट नागपूर." वाचून राग आला. खोकल्यानं अटॅक थांबत नाही. बीपी आधीच पडलेलं असेल तर नसा सैल करणाऱ्या सॉर्बिट्रेटनं माणूस आणखी खचतो. यवतमाळहूनच नागपूर दीडशे किलोमीटर, तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरत राहतो. जिथं ईसीजी निघतो तिथं आधी न्या. पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजीची कागदी पट्टी निघाली पाहिजे. 2 तासांत अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद नस फुग्यानं उघडणं) होण्यासारखी नसेल आणि पट्टीत मोठा अटॅक दिसला, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथंच घ्या, मग नागपूर.

वऱ्हाडी_माणूस: भाऊ, माह्या बाबाले तालुक्यालेच नेलं होतं. ईसीजीची मशीन होती, कागद नव्हता. दीड तास गेला, मंग रेफर. बाबा वाचले, पन आता वावराच्या धुऱ्यापर्यंत चालले तरी दम लागते. मी तं थेटच नेईन.

शिवारातली: दोघंही छातीचंच धरून बसले. माझ्या सासूबाईंची छाती दुखलीच नाही. शुगर होती. जबडा दुखत होता, घाम फुटला, मळमळ. वेचणीचा थकवा, गॅस म्हणून सोडा पाजला आणि रात्र काढली. सकाळी उशीर झाला होता. बाईच्या दुखण्याला घरात गॅसच म्हणतात.

वऱ्हाडी_माणूस: ताई, वाईट झालं. पन गाडी तरी कोठून येते? 108 ची ॲम्ब्युलन्स सुरू झाली 2014 ले, आमच्या पांदणीत पावसाळ्यात आजही येत नाही. काकाले बैलबंडीत डांबरी रोडपर्यंत आणलं. निवडणुकीत मुरूम टाकते, जुलैत वाहून जाते.

पांदणकर: रस्त्याचा विषय वेगळा धागा काढून मांडा.

शिवारातली: वेगळा कसा? तुमचे 2 तास त्याच चिखलात जातात! डांबरी रोडवर राहून आम्हाला मिनिटं शिकवू नका.

पांदणकर: बरं, चुकलो. माझं घर रोडवरच आहे. पण गाडी येईपर्यंत हातात काय आहे ते तरी ऐका: 108 ला लगेच फोन, माणसाला चालवू नका, ॲलर्जी किंवा अल्सरचा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या. आणि निघतानाच तालुक्याला विचारा, पट्टी निघते का, इंजेक्शन आहे का.

वऱ्हाडी_माणूस: फोन करून पाहीन, एवढं मान्य. पन कागद नाही म्हटलं तं मी थांबनार नाही.

शिवारातली: आणि पट्टी चांगली आली म्हणून घरी आणू नका. दुखणं चालूच असेल तर पुन्हा काढायला लावा.