पीटी-सममित रेझोनेटरमध्ये प्रकाशाला दिशाभेद नेमका कशामुळे येतो?

प्रश्न:
प्रवर्धन करणारा एक आणि तेवढाच ऱ्हास असलेला दुसरा, अशा जोडलेल्या दोन वलयाकार रेझोनेटरचे (प्रकाश आत फिरता ठेवणाऱ्या रचनांचे) सिम्युलेशन मी करीत आहे. ही जोडी पीटी-सममित आहे, म्हणजे आरशातील अदलाबदल आणि काळ उलटणे एकत्र केल्यास ती बदलत नाही. २०१४ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने एर्बियमयुक्त (प्रवर्धन करणाऱ्या) आणि साध्या सिलिका रेझोनेटरची अशीच जोडी घेऊन, सममिती मोडलेल्या अवस्थेत (प्रवर्धन-ऱ्हासाच्या मानाने जोडणी दुबळी असताना) प्रकाश एका दिशेने जातो आणि उलट दिशेने अडतो, असे दाखवले होते. माझ्या गणितात मात्र अपवादात्मक बिंदूच्या (जेथे सममिती मोडू लागते त्या सीमेच्या) दोन्ही बाजूंना, दोन्ही दिशांचे पारगमन शेवटच्या दशांशापर्यंत सारखेच येते. माझी चूक कोठे होत असावी?

उत्तर १:
आपले गणित बरोबर आहे, अपेक्षा चुकली आहे. दोन्ही दिशांच्या सूत्रांत अंशस्थानी जोडणीचा तोच गुणांक येतो आणि छेदही समान असतो. त्यामुळे प्रवर्धन व ऱ्हास कितीही विषम असले तरी रेषीय प्रणालीत परस्परता (दोन्ही दिशांचे पारगमन सारखे असणे) मोडत नाही. त्या प्रयोगातील दिशाभेद प्रवर्धनाच्या संपृक्ततेतून (प्रकाश प्रबळ झाला की प्रवर्धन घटण्यातून), म्हणजे अरेषीयतेतून आला. सक्रिय रेझोनेटरच्या बाजूने आलेला प्रकाश तेथे प्रबळ असतो आणि प्रवर्धन दडपतो. ऱ्हासाच्या बाजूने आलेला तेथे क्षीण होऊन पोहोचतो. मोडलेल्या अवस्थेत क्षेत्र सक्रिय रेझोनेटरमध्येच एकवटत असल्याने हा परिणाम अल्प शक्तीलाही दिसतो. सममितीभंगाचे काम एवढेच, पण ते फार मोलाचे आहे.

शिवाय प्रवर्धन आणि ऱ्हास तंतोतंत समान ठेवल्यास मोडलेल्या अवस्थेत एक मोड (प्रकाशाच्या दोलनाचा एक प्रकार) घातांकी वेगाने वाढत जातो. वारंवारतेच्या अंगाने सोडवलेली समीकरणे तेथेही निमूटपणे आकडे देतात, म्हणून हे आपल्या लक्षात आले नसावे. प्रत्यक्षात ही वाढ संपृक्ततेने थांबते आणि प्रवर्धनाचा दर, जोडणीच्या वर्गाला ऱ्हासाच्या दराने भागल्यावर येणाऱ्या मूल्यावर स्थिरावतो.

उत्तर २:
वरील विवेचनाशी सहमत आहे, मात्र यावरून लेझरच्या संरक्षणासाठी आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारे साधन) तयार झाला असे कृपया समजू नये. स्टॅनफर्डच्या शानहुई फान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की, पुढे जाणारी प्रबळ लहर चालू असतानाच उलट दिशेने क्षीण लहर आली, तर अशा अरेषीय आयसोलेटरला ती अडवता येत नाही. लेझरवर परतणारे परावर्तन नेमके असेच, लेझर चालू असताना येते. दोन दिशा वेगवेगळ्या वेळी मोजून काढलेला दिशाभेद म्हणूनच अपुरा ठरतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रवर्धन लेझिंगच्या (रेझोनेटरने स्वतःहून लेझर प्रकाश देऊ लागण्याच्या) उंबरठ्याखाली ठेवले, संपृक्ततेचे पद घातले आणि समीकरणे काळाच्या अंगाने सोडवली. अगदी कमी शक्तीला दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात आणि शक्ती वाढवत नेली की ते स्पष्टपणे विलग होतात. आता पुढची लहर चालू ठेवून उलट दिशेने क्षीण लहर सोडतो आणि तिचे पारगमन येथे मांडतो.