मुंबईत बिनविजेचं भाजीचं कपाट करून घेऊ का?

लालबागची_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर चाळीतलं, दोन खोल्या, माणसं सहा. फ्रिज लहान. दूध, दही, कणीक, इडलीचं पीठ ठेवलं की भाजीला जागाच उरत नाही. आठवड्याची भाजी मी दादरहून एकदम आणते, स्वस्त पडते. पण मेथी-कोथिंबीर तिसऱ्या दिवशी मान टाकते आणि टोमॅटो पिचकतात.

माझी मामी अमरावतीला मोठ्या कुंडीत लहान मडकं ठेवते, मधल्या फटीत ओली रेती आणि वर ओलं फडकं. मे महिन्यातसुद्धा तिची कोथिंबीर टवटवीत असते. आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत दोन फूट रुंद जागा आहे. ओळखीचा सुतार लाकडी चौकट, जाळी आणि भोवती गोणपाट असं कपाट करून द्यायला तयार आहे. मुंबईच्या हवेत याचा उपयोग होतो का? पैसे घरखर्चातून बाजूला काढलेत, म्हणून आधी विचारते.

वर्धा_रोड

ताई, बिनधास्त करा. आमच्याकडे नागपूरला उन्हाळा याच्यावरच निघतो. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने 1980च्या दशकात विटांची दुहेरी भिंत आणि मधे रेती असा शीतकक्ष काढला, शेतकरी तो वापरतात. रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, बस.

मुलुंडचा_मेकॅनिक

ताई, जरा थांबा. नागपूरचं नागपूरला खरं आहे, पण तुम्ही लालबागला आहात. मी एसी-फ्रिज दुरुस्तीत आयुष्य काढलंय आणि माझ्या घरी असं कपाट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी सुकताना उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी सुकलं की साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता जाते. ही ताकद लहान नाही. पण पाणी सुकायला हवा कोरडी लागते. नागपूरला 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओलं कापड साडेबावीसपर्यंत उतरू शकतं. मुंबईत मे महिन्यात 33 अंश आणि 65 टक्के धरा, तेच कापड साडेसत्तावीसच्या खाली जाणार नाही. जुलैत दोन अंशांचा फरक पडला तरी खूप. आणि कपाट कापडाइतकं गार कधीच होत नाही. चांगलं बांधलं तर हवा आणि ओलं कापड यांच्यातल्या फरकाचा पाऊण हिस्सा हाती लागतो.

पण जानेवारीत दुपारी 30 अंश आणि 45 टक्के असली, की कापड एकवीस-बावीसवर येतं, कपाट तेवीस-चोवीसवर. पालेभाजीला एवढं पुष्कळ झालं, कारण ती मुख्यतः पाणी उडून गेल्याने मरते आणि आत ओलावा भरपूर असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीकडून गरम वारा सुटतो, समुद्राचा वारा उशिरा येतो, तेव्हा सगळे हैराण असतात आणि कपाट मात्र सर्वांत छान चालतं. तुमची गॅलरी पूर्वेला आहे, म्हणजे तो वारा थेट मिळेल.

सुताराला पैसे देण्याआधी एक करा. दोन साधे थर्मामीटर आणा. एकाच्या टोकाला सुती कापडाची पट्टी गुंडाळून तिचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही गॅलरीत सावलीत टांगा, पंख्याने वारा घाला आणि दहा मिनिटांनी वाचा. फरक सात-आठ अंश असेल तर कपाट चालेल. तीन असेल तर गोणपाट कोरडंच ठेवायचं. हे सकाळी, दुपारी, रात्री बघा, कारण दुपारी पश्चिमेचा वारा आला की आकडे बदलतात.

म्हणून माझा सल्ला असा: कपाट करा, पण जाळीचं, चहूबाजूंनी हवा खेळणारं, आणि गोणपाट काढता-घालता येईल असं. आपल्या आज्यांकडे दुधा-तुपाचं जाळीचं कपाट असायचंच. डिसेंबर ते मार्च ओलं, पावसाळ्यात गोणपाट उतरवून नुसतं हवेशीर. पावसाळ्यात भाजी सुकत नाही, कुजते. तेव्हा ओलावा वाढवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बांधणी: वर स्टीलची परात, गोणपाटाची कड परातीत बुडलेली, म्हणजे पाणी आपोआप झिरपत खाली येतं. कापड जाळीपासून बोटभर लांब ठेवा. चिकटलं की आतल्या भाजीवर थेंब पडतात आणि मेथीचं पान जिथे भिजेल तिथे काळं पडतं. नव्या गोणपाटाला तेलकट वास असतो, सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून उन्हात वाळवा. तळाला गारवा जास्त, तिथे पालेभाजी, मधे वांगी-टोमॅटो. सकाळचं ऊन थेट येत असेल तर बांबूची चटई वीतभर अंतर सोडून टांगा. ऊन लागलं तर सगळी मेहनत वाया.

अंधेरी_पूर्व

दोन गोष्टी राहिल्या. कांदे-बटाटे-लसूण यात अजिबात नको, ओलाव्याने कोंब फुटतात आणि सडतात. त्यांना कोरडी टोपली, आणि कांदा-बटाटा एकमेकांपासून लांब. पिकलेली केळी आणि आंबे पालेभाजीजवळ नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानं पिवळी पडतात.

दुसरं, डास. कपाटाखालच्या ताटातलं आणि त्याच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्यांतलं पाणी साचून राहिलं तर डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. पालिकेची माणसं घरोघर बघायला येतात ते यासाठीच. आठवड्यातून एक दिवस सगळं ओतून, घासून कोरडं करा. नुसतं ओतू नका, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात.

लालबागची_सून

मुलुंडच्या काकांनी सांगितलं तसं केलं. सकाळी नऊला कोरडा 27, ओला 20. दुपारी तीनला 31 आणि 24. रात्री दहाला मात्र फरक चारच्या आसपास. म्हणजे करायला हरकत नाही ना? सुतार म्हणतो साधं प्लाय वापरू, स्वस्तात होईल. आणि हापूसची पेटी आली की ती यात ठेवू का?

मुलुंडचा_मेकॅनिक

करा ताई, सात अंश म्हणजे उत्तम. रात्री परातीत पाणी भरू नका, नुसतं झाकून ठेवा.

साधं प्लाय नको, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतील. सुताराकडे जुन्या दार-खिडक्यांचं सागवान मिळतं का बघा, चाळी पाडतात तिथलं बाजारात येतं आणि ते ओल सोसतं. नाही मिळालं तर ॲल्युमिनियमची चौकट. जाळी स्टेनलेस स्टीलची, बारीक, नाहीतर झुरळं आत जातील. पायांना खाली रबरी बूच.

हापूस पिकेपर्यंत गवतातच, कपाटाबाहेर. पिकल्यावर खायचा.