फ्रान्सला निघण्याआधी जन्मदाखला नीट बघा

फ्रान्सला राहायला येणाऱ्यांना "घर आणि बँकेचं खातं झालं की निम्मं काम फत्ते" असं सांगतात, ते मला अर्धंच पटलं. लिओं शहरात मला भाड्याचं घर तुलनेनं लवकर मिळालं (जामीनदार नव्हता, पण घरमालकाला भाड्याची खात्री देणारी, सरकारी पाठबळाची 'विझाल' हमी फुकट मिळते, तिनं काम झालं). घोडं अडलं ते तिथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदणीत. विमा कार्यालयाला आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. माझ्या जुन्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागाच कोरी! बारशाआधी नोंद झाली की आपल्याकडे हे सर्रास होतं. मग गावी भावाला नगरपालिकेत खेटे.

नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत घ्या. त्याचं फ्रेंच भाषांतर फ्रान्समधल्या न्यायालयाच्या यादीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं, आणि इंग्रजीचे असे लोक सहज सापडतात, मराठीचे शोधत बसावं लागतं. विम्याचा कायमचा नंबर आणि 'कार्त व्हिताल' हे आरोग्यविम्याचं कार्ड येईपर्यंत डॉक्टरांचे पैसे आधी आपण भरायचे. ते उपचार आणि भरलेल्या पैशांची नोंद असलेला एक तपकिरी छापील कागद देतात, 'फय द स्वां'. तो टाकून देऊ नका, विम्याकडून पैशांचा परतावा त्यावरच मिळतो. मी पहिला रद्दीत घातला होता.