जोर्वे काळातली (महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगातली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची) वस्ती खणायची, तर आधी मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीखालच्या चुंबकीय फरकांची नोंद घेणारं यंत्र, फिरवायलाच हवा का?

चुंबकसूची
पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या जोर्वे वस्तीवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ आडवं (खोल न जाता रुंद क्षेत्र उघडणारं) उत्खनन करून शंभरावर घरं उघडली. आज तेवढे हंगाम कोण देणार? अंदाजानं ट्रेंच (उत्खननाचा चर) टाकण्यापेक्षा आधी फ्लक्सगेट ग्रेडिओमीटर, म्हणजे हातात धरून चालायचा मॅग्नेटोमीटर, फिरवा. २० बाय २० मीटरचे चौकोन, दोन ओळींत अर्धा मीटर अंतर, ओळीवर मीटरला ८ नोंदी. भट्ट्या, भाजलेली जमीन, राखेचे खड्डे नकाशावर येतात. माझ्या मते या पाहणीशिवाय परवानाच देऊ नये.

कुदळ-घमेलं
दख्खनमध्ये हे चालत नाही. खाली बेसाल्ट, वरची माती त्याचीच. प्रत्येक सुटा धोंडा आपलं चुंबकत्व वेगळ्या दिशेला घेऊन पडलेला. त्यात तारेचं कुंपण, पंपाची खोली, नांगराच्या फाळाचे तुकडे. इनामगावची खरी मिळकत म्हणजे घराच्या जमिनीखालची मुलांची दफनं, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. त्यांचा क्षीण चुंबकीय ठसा या गोंगाटात बुडणार, आणि तो भाग ‘कोरा’ म्हणून सुटणार.

चुंबकसूची
वरच्या धोंड्याचा ठसा टोकदार असतो, मीटरभरात विरतो. भट्टीचा रुंद असतो. चूक होते ती वाचण्यात. ब्रिटनमध्ये चुंबकीय नतिकोन (पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जमिनीकडे किती कललंय तो कोन) ६५ अंशांच्या पुढे, म्हणून नोंदीचं धन शिखर जवळजवळ भट्टीच्या डोक्यावर येतं. आपल्याकडे तो जेमतेम २५च्या आसपास: धन दक्षिणेला, ऋण उत्तरेला, भट्टी दोहोंच्या मध्ये. शिखरावर ट्रेंच टाकून यंत्राला नावं ठेवू नयेत.

पांढरमाती
जमिनीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या रडारचं नाव कुणी काढलं नाही हे बरं. ओल्या काळ्या मातीत ४०० मेगाहर्ट्झची लहर अर्धा मीटरही धड जात नाही. रेझिस्टिव्हिटीला (सळया रोवून मातीचा विद्युतरोध मोजायच्या पद्धतीला) मोसम बघावा लागतो. उन्हाळ्यात भेगा पडून सळया नीट टेकत नाहीत, पावसानंतर लगेच सगळं सारखंच ओलं. मधल्या आठवड्यांत दगडी बंधारा दिसेल, कुडाच्या भिंती नाहीत.

कुदळ-घमेलं
म्हणजे अट घालण्याइतकं भरवशाचं काहीच नाही. पाहणी करायचीच तर १ बाय १ मीटरचे चाचणी खड्डे ठशांवर घ्या, तितकेच कोऱ्या जागीही घ्या. नाहीतर काय निसटलं ते कळणारच नाही. आणि टेकाडाची पांढर (जुन्या वस्तीची राखट माती) शेतकऱ्यांनी खत म्हणून उचललेली असते, तिथे उभा छेद फुकट मिळतो. आधी तो खरवडा.

चुंबकसूची
खड्ड्यांचं मान्य. पण छेद थरांची जाडी सांगतो. वस्ती कुठवर पसरली होती ते त्यात दिसत नाही, आणि ट्रेंच कुठे टाकायचा हा प्रश्न तिथेच राहतो.