मकुएनीतला वाळू-बंधारा : निधी देण्याआधी

नमस्कार मंडळी,
केनियातल्या मकुएनी भागातून वाळू-बंधाऱ्यासाठी, म्हणजे पावसाळी नदीच्या पात्रात आडव्या घातलेल्या भिंतीसाठी, मदतीचा अर्ज आला आहे. बंधारा वाळूने गच्च भरतो म्हणतात, मग पाणी राहतं कुठे? आणि सिमेंटचे पैसे दिले की आपलं काम संपतं का? जाणकारांनी लिहावं.
– सचिव

सचिवताई,
पाणी वाळूच्या कणांमधल्या पोकळीत राहतं. जाड वाळू असेल तर तिच्या आकारमानाच्या पाव ते एकतृतीयांश पाणी उपसता येतं, आणि साधारण ६० सेंटिमीटरखाली ते उन्हाने उडत नाही. वाळूऐवजी बारीक गाळ साचला तर तो भिजतो, पण पाणी सोडत नाही. म्हणून पहिली चौकशी वाळूची. २० लिटरच्या डब्यात पात्रातली कोरडी वाळू भरायची, वरपर्यंत भिजेल इतकं पाणी ओतायचं, मग तळाला भोक पाडून निथळलेलं पाणी मोजायचं. पाच लिटरच्या आसपासही निघालं नाही तर जागा बदलायला सांगा.

पाया थेट खडकावर हवा. मातीवर घातला तर पाणी खालून वाट काढतं आणि भिंत पोखरते. भिंतीचे दोन्ही टोकांचे पंख काठात खोल शिरलेले हवेत, सांडवा मधोमध हवा. नाहीतर पहिल्याच पुरात नदी काठ खाऊन बाजूने निघून जाते. गाळाची नदी असेल तर भिंत एकदम उंच न करता अर्धा-अर्धा मीटर चढवावी. ठेंगण्या भिंतीवरून गाळ वाहून जातो, जड वाळू मागे बसते.

शेजारच्या मचाकोसमध्ये जोशुआ मुकुस्या यांनी १९७८ मध्ये असे बंधारे बांधणारा उतूनी हा गावकऱ्यांचा गट सुरू केला. तिथली वाटणी मला योग्य वाटते : दगड, वाळू, पाणी आणि श्रम गटाचे, सिमेंट, सळ्या आणि अभियंता मदत करणाऱ्या संस्थेचा. या सामूहिक श्रमाला तिथले कांबा लोक ‘म्वेथ्या’ म्हणतात. अर्जात हा वाटा कोणाचा, हे लिहिलेलं असलंच पाहिजे.
– अ. दे.

काका,
वाळू साठल्यावर ती कोणी ट्रक लावून नेली तर? आपल्याकडच्या नद्यांचं काय झालं ते बघतोच आहोत.
– मी. प.

मीताई,
हीच खरी भीती. नैरोबीच्या बांधकामांना वाळू लागते. वाळू गेली की तिच्यात मुरलेलं पाणीही गेलं. मकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळूरक्षणाचा कायदा केला, पण राखण गावालाच करावी लागते. पहारा कोणाचा, हे लेखी मागा.

दुसरं, वरच्या उतारांवर ‘फान्या जू’ ताली हव्यात. समपातळीवर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल चर खणायचा, माती वरच्या बाजूला टाकायची आणि त्या बांधावर नेपिअर गवत लावायचं. ताली नसतील तर शेतातली माती बंधाऱ्यात येते. माझ्या मते निम्मा निधी ताली दिसल्यावरच सोडावा.

तिसरं, जनावरं वाळूवरच पाणी पितात, घाण करतात. माणसांसाठी काठाला झाकलेली विहीर आणि हातपंप हवा. तिकडे सर्रास असणाऱ्या आफ्रिदेव हातपंपाचं यू-सील (पाणी गळू न देणारी आतली चकती) झिजतं, ते गावातच बदलता येतं. सुटे भाग आणि पान्यांचा संच गटाकडे राहू द्या.

ऑक्टोबरात पाऊस सुरू होतो. त्याआधी भिंत पुरी करून निदान दोन आठवडे ओली ठेवायची आहे, तेव्हा सिमेंटचा हप्ता जुलैपुढे ढकलू नका.
– अ. दे.